कुत्रा, मांजर, कबूतर आणि तिसरीचा वर्ग

शिक्षक पात्रता परीक्षेची तयारी करणाऱ्या उमेदवाराला झोपेतून उठवून विचारले तरी चार जोड्या तो बिनचूक सांगतो: पाव्हलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकचे मांजर, स्किनरचे कबूतर आणि कोहलरचा चिंपांझी. दीडशे प्रश्नांच्या पेपरात बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे तीस प्रश्न असतात, त्यांत एखाददुसरा गुण या जोड्यांवर पदरात पडण्याची शक्यता असते आणि म्हणून बाजारातल्या बहुतेक मार्गदर्शकांत हा तक्ता ठळक चौकटीत छापलेला आढळतो. शिकणे कसे घडते हे सांगणाऱ्या उपपत्ती आपण घोकून शिकतो, यातला विनोद सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. घोकताना प्राणी लक्षात राहतो. त्या प्राण्यावरून शिक्षकाने काय उमजून घ्यावे असे त्या संशोधकाचे म्हणणे होते, ते मात्र चौकटीबाहेर राहते.

या तक्त्याचे पुढे काय होते, हे मी शिक्षकांच्या प्रशिक्षणांत अनेकदा पाहिले आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल आपले ज्ञान स्वतः रचत जाते या विचाराची, भाषा आपल्या परिपत्रकांत आली आणि पुढे सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधल्या (तपासणीसाठी एकत्र बांधलेल्या गटातल्या) शाळांचा बोलबाला झाल्यावर ती राज्यभरातल्या जिल्हा परिषद शाळांत ऐकू येऊ लागली. फरशीवर आखलेली चित्रे आणि चौकटी, काड्यांचे गठ्ठे, गोल करून बसलेली मुले हे दृश्य त्या काळात सर्वत्र दिसू लागले. ते काम चांगले होते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच सुमारास प्रशिक्षणांतून फिरलेल्या दोन रकान्यांच्या एका तक्त्याबद्दल. डाव्या रकान्याचे शीर्षक ‘वर्तनवादी वर्ग’ (वर्तनवाद म्हणजे शिकणे हे दिसणाऱ्या वर्तनातून आणि त्याच्या परिणामांतून समजून घेणारा विचार), त्याखाली रांगेत बसलेली गप्प मुले, छडी, घोकंपट्टी, भीती. उजवीकडे ‘ज्ञानरचनावादी वर्ग’, त्याखाली आनंद, कृती, प्रश्न, स्वातंत्र्य. डावीकडून उजवीकडे जायचे, एवढाच त्या दिवसाचा धडा.

वास्तविक डाव्या रकान्यात जे रंगवले होते ती पंतोजींची शाळा होती. जॉन वॉटसन यांनी वर्तनवादाचा जाहीरनामा म्हणावा असा निबंध लिहिला तो १९१३ साली. आपल्याकडे त्याआधी कित्येक पिढ्या पोरे परवचा म्हणत होती, अंगठे धरून उभी राहत होती आणि छड्या खात होती. पंतोजींनी कोणाही अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे नाव ऐकलेले नव्हते. त्यांच्या पापाचे खापर वर्तनवादाच्या माथी फोडून आपण दोन गोष्टी साधल्या. छडीला एक परदेशी, शास्त्रीय भासणारे नाव मिळाले, आणि वर्तनवाद्यांनी शिक्षकाकडे जी मागणी केली होती ती न वाचताच निकालात निघाली. माझे म्हणणे असे, की ती मागणी आपल्या शाळांनी एक दिवसही पुरी केलेली नाही. ती पुरी करणे आजही शक्य आहे. आणि वाचन, लेखन, अंकगणित या पायाभूत कौशल्यांपुरती ती पुरी केल्याशिवाय ज्ञानरचनावादाच्या चांगल्या गोष्टीही बऱ्याच मुलांपर्यंत पोचणार नाहीत. त्या कौशल्यांच्या पलीकडे मात्र वर्तनवादाला थारा देऊ नये, असेही माझे मत आहे आणि त्याची कारणे पुढे येतील.

आधी मागणी कोणती होती ते पाहू. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ च्या प्रबंधात मांजरांना लाकडी पेट्यांत कोंडून ती बाहेर कशी पडतात याची वेळ नोंदवली. मांजर ओरबाडते, चावते, गजांतून पंजे बाहेर काढते आणि केव्हातरी तिचा पंजा दोरीच्या फासात अडकून दार उघडते. पुढच्या खेपेला थोडा कमी वेळ लागतो, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी कमी. यावरून त्यांनी परिणामाचा नियम मांडला: ज्या कृतीच्या पाठोपाठ समाधान मिळते ती कृती दृढ होते. मार्गदर्शकांत हा ‘प्रयत्न आणि प्रमाद’ म्हणून येतो आणि त्यालाच जोडून सरावाचा नियम येतो. थॉर्नडाइक यांनी १९३०च्या सुमारास स्वतःच या नियमांची डागडुजी केली, हे मात्र येत नाही. डोळे मिटून चार इंचांची रेघ काढायला सांगितलेली माणसे, रेघ लांब झाली की आखूड हे त्यांना कोणी सांगितले नाही तर, शेकडो वेळा रेघा ओढूनही सुधारत नाहीत, असे त्यांना दिसले. नुसत्या सरावाने काही होत नाही. प्रत्येक प्रयत्नामागून त्याचा निकाल कळावा लागतो. त्यांची दुसरी दुरुस्ती शिक्षेविषयी होती. बक्षीस जेवढे घडवते तेवढे शिक्षा मोडत नाही, ही दोन्ही पारडी सारखी नाहीत, असे त्यांनी मान्य केले.

शिक्षेच्या बाबतीत वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर आणखी पुढे गेले. १९३८ च्या पुस्तकात त्यांनी उंदरांवरचा एक प्रयोग दिला आहे. दांडी दाबली की खाणे मिळते हे शिकलेल्या उंदरांचे खाणे बंद केले. त्यांतल्या काहींना सुरुवातीला दांडी दाबताच तीच दांडी उसळून पंजावर फटका मारी. फटका खाणाऱ्यांनी दांडी दाबणे लगेच कमी केले. पण फटके थांबल्यावर त्यांनी हळूहळू सगळी भरपाई केली आणि शेवटी दोन्ही गटांची दांडी दाबण्याची एकूण बेरीज जवळपास सारखीच भरली. म्हणजे शिक्षेने सवय मोडली नव्हती, ती तात्पुरती दबली होती. शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने २००९ साली आपल्याकडे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली, ती मुलाच्या प्रतिष्ठेच्या आधाराने, आणि तोच आधार योग्य आहे. परंतु शिक्षा निरुपयोगीही आहे, हे प्रयोगाने दाखवणाऱ्या माणसाचे नाव आपण छडीच्या रकान्याच्या वर लिहितो, याची थोडी लाज वाटायला हवी.

स्किनर यांच्या शिक्षणविषयक विचाराचा आरंभ एका पालकभेटीत झाला. ११ नोव्हेंबर १९५३ रोजी ते आपल्या मुलीच्या चौथीच्या गणिताच्या तासाला पाहुणे पालक म्हणून मागे बसले होते. बाईंनी फळ्यावर उदाहरणे दिली, मुले सोडवू लागली, बाई रांगांतून फिरत राहिल्या. काही मुलांचे केव्हाच संपले होते आणि ती चुळबुळत होती, काहींना पहिलेच उदाहरण कळले नव्हते आणि ती कपाळाला आठ्या घालून बसली होती. उत्तर बरोबर की चूक हे दोघांनाही दुसऱ्या दिवशी कळणार होते. प्रयोगशाळेत कबुतराने टोच मारली की क्षणार्धात दाणा पडेल अशी व्यवस्था करणाऱ्या माणसाला हे पाहून काय वाटले असेल? काही दिवसांत त्यांनी एक ओबडधोबड शिकवण्याचे यंत्र तयार केले आणि १९५४ साली मांडलेल्या निबंधात एक हिशोब दिला. पहिल्या चार वर्षांचे अंकगणित पक्के व्हायचे तर एका मुलाला २५ हजार, कदाचित ५० हजार वेळा आपल्या उत्तराचा निकाल लगोलग कळायला हवा. एक शिक्षिका त्यांतले फार तर काही हजार प्रसंग घडवून आणू शकते.

हा हिशोब आपल्या वर्गात करून पाहावा. कायद्याने प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक असतो. तीस मुलांनी प्रत्येकी वीस उदाहरणे सोडवली तर एका तासात सहाशे उत्तरे तयार होतात. द्विशिक्षकी शाळेत त्या शिक्षकाच्या हाताखाली दोन इयत्ता असतात. मी नोकरीची पहिली वर्षे अशाच शाळेत काढली आणि त्या काळातले एक वहीचे पान मला अजून आठवते. तिसरीतल्या एका मुलाला हातच्याची वजाबाकी दिली होती, वीस उदाहरणे, घरून सोडवून आणायची. पहिले उदाहरण ५२ वजा २७. त्याने उत्तर लिहिले होते ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले. पाचातून दोन काढले. पुढच्या उदाहरणात हेच, त्याच्या पुढच्यातही हेच. अक्षर सुरेख, आकडे एकाखाली एक, समास सोडलेला, आणि वीसच्या वीस उत्तरे एकाच पद्धतीने चुकलेली. वह्यांचा गठ्ठा माझ्याकडे तीन दिवस पडून होता. चौथ्या दिवशी मी लाल शाईने वीस फुल्या मारल्या, खाली ‘लक्ष देऊन सोडव’ असा शेरा लिहिला आणि वही परत केली.

त्या मुलाचे लक्ष नव्हते असे मुळीच नाही. त्याने लक्ष देऊन, एका नियमाने, वीस वेळा चुकीचा सराव केला होता. पहिल्या उदाहरणानंतर अर्ध्या मिनिटात कोणी ‘थांब, दोनातून सात कसे जातील ते मला काड्या घेऊन दाखव’ म्हटले असते तर एकोणीस चुका झाल्याच नसत्या. शेऱ्यात मी जे लिहिले ते त्याच्या स्वभावाबद्दल होते. दोष होता माझ्या मांडणीत. वर्तनवादाची शिक्षकाकडे जी मागणी आहे ती नेमकी ही आहे. कबूतर शिकले नाही तर स्किनर त्या कबुतराला ढ म्हणत नसत. पेटीची रचना, पायऱ्यांची उंची आणि दाणा पडण्याची वेळ तपासत. ‘मुलगा आळशी आहे’, ‘घरचे वातावरण नाही’, ‘डोक्यातच नाही’ ही आपल्या शिक्षककक्षातली तीन उत्तरे या विचारात बसत नाहीत. आपल्याला वर्तनवाद नकोसा का वाटतो, याचे एक कारण मला यातही दिसते.

पाव्हलॉव्ह यांचा कुत्रा तर याहून जवळचा आहे. १९०४ साली पचनक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळालेल्या या शरीरशास्त्रज्ञाने अभिजात अभिसंधान म्हणून जे दाखवले, की खाण्याच्या आधी नेहमी होणारा आवाज नुसता ऐकूनही कुत्र्याला लाळ सुटते, ते आपल्या शाळांत रोज घडते. फक्त लाळेच्या जागी पोटात गोळा येतो. वॉटसन आणि रोझली रेनर यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सुमारे अकरा महिन्यांच्या एका बाळाने पांढऱ्या उंदराला हात लावला की त्याच्या पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा मारला जाई. थोड्याच दिवसांत बाळ आवाजाविनाही उंदराला पाहून रडू लागले, मग सशाला पाहूनही. आज असा प्रयोग करणाऱ्याला कोणतीही संस्था दारात उभे करणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण आपण शुद्धलेखनाची चूक झाली की तो शब्द पन्नास वेळा लिहून आणायला सांगतो, वर्गात दंगा झाला तर सगळ्यांना अख्खा धडा उतरवून काढायला लावतो, पाढा चुकला की चारचौघांत उभे करतो. लेखन आणि अंक यांच्या पाठीमागे आपण इतकी वर्षे हातोडा मारत आलो आणि वर विचारतो, की मुलांना लिहायचा कंटाळा का? शिक्षा म्हणून कोणी मुलांना गोष्ट ऐकायला किंवा चित्र काढायला लावत नाही. शिक्षा म्हणून लिहायलाच लावतात. या भीतीवरचा उताराही त्याच परंपरेत आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाचा वृत्तान्त लिहिला: मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवायचा आणि दिवसादिवसाने थोडा जवळ आणायचा, इतका बेताने की खाण्यात खंड पडू नये. शेवटी मुलाने सशाला हात लावला. गणिताला घाबरलेल्या मुलाला पुन्हा पहिल्या पायरीवर, जिथे त्याला हमखास जमते तिथे, नेण्याचे धैर्य किती शिक्षकांना होते? अभ्यासक्रम मागे पडतो ना.

प्रबलनाची, म्हणजे कृती दृढ करणारे फळ मिळण्याची, वेळ हा मुद्दा वर्गापुरता नाही, धोरणालाही लागू आहे. केंद्राने १९९५ साली शालेय पोषणाची योजना आणली तेव्हा बऱ्याच राज्यांत मुलांना शिजवलेले अन्न मिळत नसे. महिन्याला ८० टक्के हजेरी भरली की तीन किलो धान्य घरी न्यायला मिळे. त्याहून आधी, १९९२ पासून, आपल्या राज्यात दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेच्या मुलींना दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता ठरला आणि वर्षानुवर्षे तो १ रुपयाच राहिला. हेतू दोन्हींचा चांगला होता. परंतु महिनाअखेरचे तांदूळ आणि कधीतरी हाती येणारा रुपया यांचा संबंध आज सकाळी दप्तर उचलण्याशी सात वर्षांच्या मुलीच्या मनात कसा जुळावा? या दोन्ही योजना हजेरीपटाशी बांधलेल्या होत्या, आणि हजेरीपट भरणारी व्यक्ती मूल नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेली खिचडी वर्गाच्या दारात आली, त्याच दिवशी, त्याच दुपारी. हा फरक समजायला पदवी लागत नाही. अर्थात भुकेला आमिष बनवू नये. खिचडी हा मुलांचा हक्क आहे आणि ती हजेरीचे बक्षीस मानली तर आपण मुलाला कबुतराच्या जागी बसवले असे होईल. मला इतकेच म्हणायचे आहे, की आमिष ठरवणाऱ्या योजनासुद्धा आमिषाचे साधे नियम न पाळता आखल्या गेल्या.

आता दुसरी बाजू, कारण वर्तनवादाने आपल्या कुवतीबाहेरचे दावे केले आणि त्याची फळे भोगली. भाषा हीदेखील प्रबलनानेच येते, असे स्किनर यांनी १९५७ च्या ग्रंथात मांडले आणि भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांनी १९५९ साली त्याचे जे परीक्षण केले त्यानंतर तो दावा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. चॉम्स्की वाचायची गरज नाही, तीन वर्षांचे मराठी मूल ऐकावे. ‘मी करलं’, ‘बाबा येला’ असे ते बोलते. त्याच्या घरात ‘केलं’ आणि ‘आला’ असेच म्हणतात, ‘करलं’ म्हटल्याबद्दल त्याला कोणी खाऊ दिलेला नाही. बसला, पडला, हसला यांतून त्याने एक नियम आपला आपण बांधला आणि तो सगळीकडे लावला. वजाबाकीच्या वहीतल्या मुलानेही तेच केले होते, हे इथे कबूल केले पाहिजे. चूक कशी तयार झाली हे सांगायला वर्तनवाद अपुरा पडतो आणि तिथे रचनावादीच खरे ठरतात. एडवर्ड टॉलमन आणि त्यांचे सहकारी होन्झिक यांनी १९३० साली असे दाखवले, की दहा दिवस खाण्याविना चक्रव्यूहात भटकलेल्या उंदरांना अकराव्या दिवशी शेवटी खाणे ठेवले तर त्यांच्या चुका एकदम घटतात आणि रोज खाणे मिळणाऱ्या उंदरांच्या ते बरोबरीला येतात. बक्षिसाविनाही ते शिकत होते. बक्षिसाने फक्त ते दिसले. उंदीरसुद्धा निव्वळ स्किनरचा उंदीर नसतो.

शाळेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा इशारा १९७३ चा आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतली अशी मुले निवडली ज्यांना स्केचपेनने चित्रे काढायला मुळातच आवडत होते. काहींना आधी सांगितले, की चित्र काढलेस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिले. काहींना काहीच दिले नाही. थोड्या दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिले तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढत होती. आवडीच्या कामाला मोल लावले आणि आवड ओसरली. ज्या कामात मुळात गोडी नसते तिथे बक्षिसाने असे नुकसान होत नाही. म्हणून पाढे पक्के करताना दिलेली शाबासकी वेगळी आणि गोष्टीची पुस्तके वाचल्याबद्दल दिलेले गुण वेगळे. आपल्याकडे नेमके उलटे चालते. वजाबाकीचा निकाल चार दिवसांनी आणि चित्रकला, वक्तृत्व, हस्ताक्षर, वाचन यांना मात्र प्रथम, द्वितीय, तृतीय आणि उत्तेजनार्थ. स्नेहसंमेलनात मुलापेक्षा त्याच्या गळ्यातल्या पदकाचा फोटो आधी काढला जातो.

खऱ्या अर्थाने वर्तनवाद आज कुठे काटेकोर पाळला जात असेल तर मुलांच्या हातातल्या मोबाइलमध्ये. शिकवणी ॲपमध्ये उत्तर दाबताच टिंग वाजते, नाणी उधळतात, सलग किती दिवस आलात त्याची ज्योत पेटती राहते. रीळ सरकवत गेले की कितव्या वेळी मजेचे काही मिळेल याचा नेम नसतो. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली प्रबलनाच्या वेळापत्रकांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात अनिश्चित गुणोत्तराने मिळणारा दाणा कबुतराला किती वेळ टोचा मारत ठेवतो, हे आलेखांसह आहे. जुगाराचे यंत्र याच तत्त्वावर चालते. म्हणजे सरकारी शाळेने ज्या विचाराला नावे ठेवून दाराबाहेर काढले, तो खिडकीतून मुलाच्या हाती आला, आणि तो आता वजाबाकी शिकवायला वापरला जाईल की केवळ पडद्यासमोर बसवून ठेवायला, हे विकणारा ठरवतो. वर्तनवादावरचा जो नैतिक आक्षेप आहे, की कोणते वर्तन दृढ करायचे हे कोण ठरवणार, तो मला खरा वाटतो. पण तो आक्षेप शाळेपेक्षा या बाजाराला जास्त लागू आहे. शाळेत निदान उत्तर विचारायला गावात कोणीतरी असते.

‘मुले म्हणजे कबुतरे नव्हेत’ असे मला प्रशिक्षणांत ऐकवले जाते. नव्हेतच. परंतु मोठ्या प्रमाणावर तुलना झाली तेव्हा काय दिसले, तेही पाहावे. अमेरिकेत १९६८ पासून गरीब वस्त्यांतल्या शाळांसाठी ‘फॉलो थ्रू’ नावाचा उपक्रम चालला. त्यात परस्परविरोधी विचारांची अनेक प्रारूपे शेजारी शेजारी राबवली गेली. १९७७ साली निकाल आले, तेव्हा लहान पायऱ्या, वारंवार प्रतिसाद आणि चुकीची तत्काळ दुरुस्ती यांवर उभे असलेले थेट अध्यापनाचे प्रारूप पायाभूत कौशल्यांत पुढे होते, आणि मुलांच्या आत्मविश्वासाच्या मापनातही मागे नव्हते. त्या मूल्यमापनावर टीका झाली, एकाच प्रारूपाचे निकाल जागोजागी वेगळे होते, हे खरे. तरीही एवढे म्हणता येते, की ज्या मुलाच्या घरी चूक लगेच सांगणारे कोणी नाही, त्याला वर्गातल्या या व्यवस्थेची गरज सर्वांत जास्त असते. सुशिक्षित घरातल्या मुलाला अर्ध्या मिनिटाची ती ‘थांब’ स्वयंपाकघरातून मिळते.

त्यासाठी यंत्र लागत नाही. १९६०च्या दशकात यंत्रांची आणि अभिक्रमित अध्ययनाच्या, म्हणजे धडा लहान पायऱ्यांत तोडून मांडणाऱ्या, पुस्तकांची लाट आली आणि ओसरली, कारण इवल्या इवल्या पायऱ्या चढताना हुशार मुले कंटाळली. आपल्याकडे त्याहून चांगले साधन होते, ते म्हणजे पाटी. एक उदाहरण सांगायचे, सगळ्यांनी पाटीवर सोडवायचे आणि ‘दाखवा’ म्हटले की तीस पाट्या वर. शिक्षकाला एका नजरेत दिसते कोण ३५ लिहून बसले आहे. पुढचे उदाहरण सांगण्याआधी त्या चौघांना काड्यांचा गठ्ठा देऊन बसवता येते. चूक ओल्या फडक्याने पुसली जाते, लाल फुलीसारखी वर्षभर वहीत राहत नाही. त्या वजाबाकीच्या वहीनंतर मी बरीच वर्षे हेच केले आणि हातच्याची वजाबाकी वर्गात लवकर सुटू लागली. खूप जुनी, खूप स्वस्त आणि स्किनर यांना आवडली असती अशी पद्धत आहे.

मग ती का टिकली नाही? याचे उत्तर मला परिणामाच्या नियमातच सापडते, फक्त तो मुलांऐवजी मोठ्यांना लावून पाहावा लागतो. रडणाऱ्या मुलाच्या हाती आई मोबाइल देते आणि रडणे थांबते. मूल शिकले की रडल्यावर मोबाइल मिळतो, आणि आई शिकली की मोबाइल दिल्यावर शांतता मिळते. प्रबलन दोन्ही बाजूंनी झाले. शिक्षक वर्गावर ओरडतो आणि वर्ग त्या क्षणी गप्प होतो. दहा मिनिटांनी पुन्हा गोंगाट होईल, पण ओरडण्याचे फळ ओरडणाऱ्याला लगेच मिळालेले असते, म्हणून इतक्या कायद्यांनंतरही ओरडणे जात नाही. तसेच वह्यांचे. भरलेली, तपासलेली, तारीखवार सही असलेली वही पालकाला दिसते, केंद्रप्रमुखाला दिसते, फोटो काढून गटावर टाकता येते. पाटीवरचे काम तास संपला की पुसून जाते. त्याचा पुरावा फक्त मुलाच्या पुढच्या उत्तरात उरतो, आणि ते पाहायला थांबावे लागते. शिक्षकालाही ज्याचे फळ मिळते तेच तो पुन्हा करतो. माझ्या नोकरीत तपासणीला कितीतरी साहेब येऊन गेले. प्रत्येकाने खुर्चीवर बसताच वह्यांचे गठ्ठे मागवले, पाने उलटली, सह्या मोजल्या. मुलांनो, पाट्या वर करा, असे म्हणालेला साहेब मला एकदाही भेटला नाही.